बाजूचा चेंडू

टेबल टेनिसला समोर माणूस लागतं. एवढी साधी गोष्ट, पण ती जमवता जमवता माझा जन्म गेला. पोहणारा एकटा पोहतो, धावणारा एकटा धावतो. माझ्या नशिबी मात्र असा खेळ आला, की समोर कुणी नसेल तर बॅट मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. टेबलाचा अर्धा भाग उभा करून त्याच्यावर चेंडू मारता येतो, नाही असं नाही. मी वर्षानुवर्षं मारलाय. पण ते फळकूट आपलाच चेंडू आपल्याला तसाच्या तसा परत देतं. त्याला ना राग येतो, ना चलाखी सुचते. थोड्या वेळानं जीव विटतो.

मी चाकाच्या खुर्चीत बसून खेळते. रेवसजवळचं आमचं गाव, आईबाप मिठागरावर राबणारे. लहानपणी ताप आला आणि उतरताना माझे पाय घेऊन गेला. पोलिओ. वडिलांनी मुंबईला एका वसतिगृहात शिकायला ठेवलं. तिथे मागच्या खोलीत एक जुनं टेबल होतं, त्याचा आडवा दांडा बरोबर माझ्या गुडघ्यावर आदळायचा. गुडघे काळेनिळे व्हायचे, पण मला कुठे दुखत होतं? पुढे मुरूडला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मी इथलीच झाले. राज्यासाठी खूप खेळले. देशासाठी एकदाच गेले आणि सपाटून हरून आले. तिथे पहिल्यांदा असं टेबल पाहिलं ज्याचे पाय आतल्या बाजूला होते, खुर्ची थेट खाली सरकत होती. मी पदक नाही आणलं, पण ते टेबल डोक्यात घेऊन परत आले.

मग सचिव झाले. जिल्ह्यातल्या आमच्या खेळाडूंच्या संघटनेची मानद सचिव, म्हणजे बिनपगारी हमाल. टेबलं मिळव, उतार बांधून घे, राहायच्या खोल्या तळमजल्यावर माग. एका स्पर्धेत बक्षीस समारंभ स्टेजवर ठेवला होता. स्टेजला पायऱ्या! पाहुणे वर हार घालून बसलेले, विजेते खाली माना वर करून बघतायत. कुणीतरी म्हणालं, उचलून घेऊया. मी माइक ओढला आणि म्हटलं, साहेबांना पाय आहेत, साहेब खाली येतील. आले बिचारे, तोंड कडू करून. मग भाषणात आम्हाला देवाची लेकरं म्हणाले. स्वच्छतागृहाचं दार इतकं अरुंद, की देवाची लेकरं सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसली होती. ते दार मी पुढच्या वर्षी रुंद करून घेतलं. भांडखोर बाई म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी मेहनतीनं कमावली आहे.

लोकांना वाटतं, सचिवबाई म्हणजे केवढा गोतावळा. फोन दिवसभर वाजतो, खरं आहे. ताई, सर्टिफिकेटवर सही. ताई, आमच्या मुलाची निवड का नाही झाली. काम झालं की फोन गप्प. भाऊ दोघं डंपरच्या धंद्यात आहेत, नवे बंगले बांधलेत. गणपतीला बोलावतात. बंगल्याला उंच जोतं आहे, मला खुर्चीसकट उचलून आत नेतात, चार शेजारी हात लावतात आणि सगळे हसतमुख. मला तो क्षण आवडत नाही. गोणी उचलावी तसं वाटतं. म्हणून हल्ली मी काहीतरी कारण सांगते, आणि गौरी-गणपतीचे दिवस या दोन खोल्यांत आमटीभात खाऊन काढते. वाईट वाटतं. ते लपवून काय करायचं?

समोरचं माणूस मला सापडलं ते म्हसळ्याचं. एका जिल्हा स्पर्धेला ती नुसती बघायला आली होती. मोटारसायकलवरून पडून पाठीचा कणा मोडलेला, वय माझ्यापेक्षा बरंच कमी, नजर जमिनीत. मी तिच्या हातात बॅट दिली. तिनं पहिलाच चेंडू असा हाणला की तो थेट पंचाच्या चहात पडला. मी म्हटलं, बये, तू खेळणारच.

तेव्हापासून दर रविवारी ती, माझी म्हसळ्याची, यायची. बाजूला दोन चाकं लावलेली तिची स्कूटर म्हसळ्याहून दिघीला, तिथून गाड्या नेणाऱ्या बोटीतून खाडी पार करून आगरदांड्याला. जेट्टीच्या वरच्या अंगाला शाळेचा हॉल आहे, तिथे आमचं टेबल. तिची खेळायची खुर्ची हॉलमध्येच असायची. स्कूटरचा आवाज आला की मी माझ्या खुर्चीतून तिची रिकामी खुर्ची पुढे ढकलत दारापर्यंत न्यायची. एक हात माझ्या चाकावर, एक तिच्या खुर्चीला, अशी नागमोडी वरात निघायची. ती लांबूनच ओरडायची, "ताई, ब्रेक लावा!"

आम्हा दोघींच्या खेळाची एक अडचण होती. खाली पडलेला चेंडू उचलणार कोण? लांब काठीला जाळी लावून उचलता येतो, पण दर चेंडूला तसं करत बसलं तर खेळणार कधी? म्हणून आम्ही बादलीभर चेंडू घेऊन बसायचो आणि बादली रिकामी होईपर्यंत खेळायचो. मग थांबायचो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी मागेच राहतात. त्यांच्या घरचं कालवण झालं की त्या यायच्या, केरसुणीनं चेंडू एका कोपऱ्यात लोटायच्या आणि बादलीत भरायच्या. "खेलता का चेंडू सांडता गो?" हे दर वेळी. त्या येईपर्यंत आम्ही दोघी जमिनीवरच्या चेंडूंच्या मधोमध बसून गप्पा मारायचो. तिच्या शिकवणीच्या पोरांच्या, माझ्या भावजयांच्या, औषधांच्या, कुणाच्या लग्नात काय बिनसलं त्याच्या. खरं सांगू? आठवडाभर मी त्या थांबण्याची वाट बघायचे. खेळाइतकीच.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खेळात सर्व्हिस टेबलाच्या बाजूनं बाहेर गेली तर पंच ती पुन्हा करायला लावतो, कारण खुर्चीतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. पण एकदा खेळ सुरू झाला की बाजूचा चेंडू चालतो. टेबलाच्या कडेवरून तिरका निसटणारा चेंडू, हेच आमचं खरं हत्यार. म्हसळ्याचीचा बाजूचा चेंडू म्हणजे जहर. माझ्या डाव्या हाताला असा सटकायचा की मी शिवी घालेपर्यंत तो भिंतीला जाऊन टेकलेला असायचा.

आणि तरीही गेला पावसाळा संपल्यापासून मी जिंकायला लागले होते. एक रविवार, दोन रविवार, मग दर रविवारचंच झालं. साठी उलटून गेलेली बाई, उजवा खांदा सकाळी केस विंचरताना कुरकुरतो, आणि जिंकतेय! माझा आनंद गगनात मावेना. आमच्या अध्यक्षांनी सुचवलं होतं, की या वर्षीची राज्य स्पर्धा पनवेलला आपल्याकडेच आहे, तर तिथे तुमचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, सन्मानानं निवृत्त व्हा. मी म्हटलं, शाल तुम्हीच पांघरा, मी खेळणार आहे.

मग तो रविवार आला. मावशी लग्नाला गेल्या होत्या. बादली संपली, आम्ही नेहमीसारख्या बसलो, बोललो, पण चेंडू उचलायला कुणी नाही म्हटल्यावर म्हसळ्याची बोटीची वेळ गाठायला निघून गेली. मी हॉलमध्ये एकटी. म्हटलं, चला, आज आपणच भरू. जाळीची काठी घेतली आणि सवयीनं आधी डाव्या भिंतीकडे गेले. तिथल्या बाकाखाली पूर्वी नेहमी ढीग असायचा, मावशी वाकून वाकून कावायच्या. बाकाखाली एकही चेंडू नव्हता.

उजव्या भिंतीकडे गेले. तिथेही नाही. थोडे माझ्या पाठीमागे सरळ रेषेत पडले होते. बाकी सगळे, अगदी सगळे, पलीकडे तिच्या बाजूला. मी काठी मांडीवर आडवी टाकून त्या जमिनीकडे बघत राहिले. झाडलेल्या जमिनीवर काही दिसत नाही. आज कुणी झाडलं नव्हतं आणि काय काय झालं ते स्वच्छ समोर पडलं होतं. मावशींचं कावणंही पावसाळ्यापासून थांबलं होतं. कितीतरी महिने तिनं मला बाजूचा चेंडू मारलाच नव्हता. माझा हात पोचेल तिथेच, अलगद, ताटात वाढावं तसं वाढत होती. आणि मी गाढवीण, मला सूर सापडला म्हणून मिरवत होते.

अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभर कुणी कीव केली तर मी त्याची सालटी काढत आले. सही देणाऱ्या साहेबांची, हार घालणाऱ्या पाहुण्यांची, सगळ्यांची. हिची काय काढू? एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर माझ्यासमोर येऊन बसणारं एकच माणूस, आणि तेही माझ्याशी खेळत नव्हतं. मला खेळवत होतं.

पुढच्या रविवारी ती आली. मी खुर्ची नेऊन दिली. टेबलाशी बसल्यावर म्हटलं, "आज बाजूला मारायचं."

"मारते की, ताई."

"मारत न्हायस तू. कवापासून न्हायस, ते सांग." रागात माझी मिठागरावरची भाषा वर येते.

मी सर्व्हिस केली. तिनं मारला, बाजूला, तोच जुना जहरी चेंडू. माझा हात गेला, अंग गेलंच नाही. पुन्हा. पुन्हा तेच. पूर्वी मी कंबरेतून झुकायची आणि खुर्चीच्या दांड्याला धरून परत सरळ व्हायची. आता झुकले की झुकलेलीच. पोलिओवाल्यांना उतारवयात असं होतं, उरलेली ताकदही थकते, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. शेवटच्या चेंडूला मी टेबलाच्या कडेवर छाती टेकून पडले आणि तशीच राहिले. ती खुर्ची फिरवून माझ्याकडे आली, खांद्याला आधार देऊन मला सरळ केलं.

"कशाला केलंस गो असं?" मी विचारलं.

ती रडत होती. "तुम्ही हरायला लागलात की खेळ सोडाल, ताई. मला माहितीय तुमचा स्वभाव. मग मी खाडी ओलांडून यायचं कुणाकडे? त्या बाजूला आहे कोण माझ्याशी खेळायला?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की एकटी आहे ती मीच. तिचं घर भरलेलं, आईवडील, भाचरं, शिकवणीची पोरं. खाडीच्या त्या तीरावर तीही माझ्यासारखीच रविवारची वाट बघत बसते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा राग तिथेच विरला. तरी तोंडानं म्हटलंच, "हरव मला. खुशाल हरव. पण खोटं खेळू नकोस. त्यापेक्षा ते उभं फळकूट बरं, निदान लबाडी तरी करत नाही."

ती डोळे पुसत हसली. "फळकुटाला तुमच्या शिव्या कुठे कळतात?"

पनवेलच्या स्पर्धेआधी खेळाडूंची तपासणी असते. आमच्यात गट असतात. कुणाचं अंग किती साथ देतं, ते बघून गट ठरतो. तिथे लबाडी व्हायची ती उलटी. जिंकायला सोपं जावं म्हणून लोक आहेत त्यापेक्षा कमजोर असल्याचं सोंग आणतात. म्हणून सर्वांची पुन्हा तपासणी झालीच पाहिजे असा आग्रह सचिव म्हणून मीच धरला होता. आणि त्या खोलीत मी काय केलं? ताकदीचं सोंग आणलं! दात ओठ खाऊन हात वर केला. तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या, "आता हात न टेकता पुढे वाका, आणि सरळ व्हा." वाकले. सरळ काही होता येईना. बाईंनी हात पुढे केला. कुणाचा हात धरायचा नाही असं माझं व्रत होतं, पण तो धरला.

मला खालचा गट मिळाला. त्या गटात बायकांमध्ये मी एकटीच होते. एकट्या खेळाडूचा गट वरच्या गटात मिसळायचा, असा नियम आहे. म्हणजे पुन्हा म्हसळ्याचीच समोर. अध्यक्ष धावत आले, ताई, अजून वेळ गेलेली नाही, सत्कार करू. मी खुर्ची टेबलाकडे वळवली.

ती खरी खेळली. पहिलाच चेंडू बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. मला तोंड वर काढू दिलं नाही. मी हरले, साफ हरले, बघणाऱ्यांना वाईट वाटावं इतकी हरले. आणि मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी समोर माणूस होतं. हात मिळवताना तिनं विचारलं, "राग नाही ना आला?" मी म्हटलं, "आला. फोरहँड ढिला पडलाय तुझा."

मग मी सचिवाच्या टेबलाशी जाऊन बसले आणि तिची अंतिम लढत बघितली. समोर पनवेलचीच एक मुलगी होती, दांडगी, खुर्ची अशी गर्रकन फिरवणारी की चाकं किंचाळायची. ती म्हसळ्याचीच्या बाजूच्या चेंडूपर्यंत पोचून तो परत मारत होती! म्हसळ्याची चकित झाली. मग तिचा चेहरा बदलला. डोळे बारीक झाले, ओठ दाताखाली गेले, मध्येच ती स्वतःशी हसली. थोडक्यात हरली, पण तो चेहरा मी बघितला. माझ्यासमोर बसून तिचा असा चेहरा झाल्याला किती काळ लोटला होता, मला आठवेना. मी तिला खेळ दिला, आणि आता तिच्या खेळाला मीच पुरत नव्हते.

सचिव होण्याचा एवढा तरी उपयोग. त्या मुलीशी बोलले, तिच्या प्रशिक्षकांशी भांडले, हॉलच्या वेळा ठरवून घेतल्या. म्हसळ्याचीची थोरली बहीण पनवेलला राहते, तिच्याशी फोनवर बोलले. सगळं ठरल्यावर हिला सांगितलं, आता शनिवार-रविवार तिकडे जायचं.

"मला हाकलताय?"

"हो, हाकलतेय."

"आणि तुम्ही?"

"मला संघटनेची कामं काय कमी आहेत?" मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी मुद्दाम फोन कानाला लावला, पलीकडे कुणी नसताना.

ती गेली त्या पहिल्या रविवारी मी हॉलवर गेले. का गेले, माहीत नाही. सवय. मावशी दारातून डोकावून म्हणाल्या, "ती न्हाय आली?" नाही म्हटलं. त्या गेल्या. मी टेबलाचा अर्धा भाग उभा करायचा प्रयत्न केला, तर तो एका हातानं उचलेना. म्हणून चेंडू नुसताच पलीकडे मारला. एक मारला, तो जाऊन पडला. दुसरा मारला. बादली संपेपर्यंत मारत राहिले.

दुपारी तिचा फोन आला. आवाज असा, जणू धावून आलीय. "ताई, मार खाल्ला! पार धुतलं तिनं मला! पण दुसऱ्या डावात मी असा चेंडू काढला ना, तुम्ही असायला हवं होतं! आणि ताई, ती म्हणते माझी खुर्ची उंच करायला हवी..." ती बोलत होती, बोलत होती. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नव्हती. मी मध्ये मध्ये "शाबास" म्हणत होते आणि गालावर काय ओघळतंय ते पदरानं टिपत होते. तिला धाडलं मीच. ती गेली आणि सुखात आहे, हेच तर मला हवं होतं.

शेवटी तिला आठवण झाली. "तुम्ही खेळलात का आज?"

"खेळले," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा त्या दुसऱ्या डावाबद्दल सांगू लागली. कुणाशी, ते तिनं विचारलं नाही.